दुधाची बाटली : आधी घासावी, मग उकळावी

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात आई-वडील दोघेही नोकरीला, ही आता नित्याची बाब झाली आहे. आजी-आजोबा गावी, कंपनीची बस पहाटेच चौकात येणार आणि बाळ पाळणाघरात किंवा शेजारच्या काकूंकडे राहणार, अशी अनेक घरांची घडी असते. या घडीत दुधाची बाटली कधी ना कधी घरात येते. बाटली आली की तिच्या स्वच्छतेची जबाबदारीही येते. ती आई, वडील, आजी आणि पाळणाघरातील ताई अशा चार हातांत वाटली जाते. नेमकी येथेच कसूर होण्याची शक्यता असते.

बाटली उकळत्या पाण्यात बुडवून काढली की काम झाले, असा समज सर्रास आढळतो. तो अपुरा आहे. बाटलीच्या आतील दुधाचा थर घासून काढल्याशिवाय उकळण्याचा पूर्ण उपयोग होत नाही आणि उकळलेली बाटली अस्वच्छ हाताने वा फडक्याने पुसली तर सारे श्रम वाया जातात. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळाला होणारा अतिसार एका दिवसात गंभीर रूप घेऊ शकतो. म्हणून या साध्या वाटणाऱ्या कामाची पद्धत घरातील प्रत्येकाला नीट माहीत असायला हवी.

जिवाणू कोठे दडतात?

दुधात साखर, प्रथिने आणि स्निग्धांश असतात. बाळाला पोषक असणारे हे सारे घटक जिवाणूंनाही तितकेच पोषक ठरतात. दूध संपल्यावर बाटलीच्या आत एक पातळ, तेलकट थर राहतो. तो निपलच्या घडीत, कड्याच्या आट्यांत आणि हवा जाण्यासाठी असलेल्या बारीक झडपेत साचतो. तेथे वाढणारे जिवाणू स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. हे आवरण नुसत्या पाण्याने निघत नाही. त्यासाठी साबण आणि ब्रशचे घर्षण लागते.

अनुकूल उष्णतेत काही जिवाणू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतात. या गतीने एका जिवाणूपासून ३ तास २० मिनिटांत हजाराहून अधिक जिवाणू तयार होतात. सकाळी सातला वापरलेली बाटली संध्याकाळी कामावरून आल्यावर धुऊ, असे म्हणून ठेवली तर मधल्या वेळात काय घडत असेल, याची यावरून कल्पना यावी.

बाटलीचा इतिहासही हेच सांगतो. एकोणिसाव्या शतकात युरोपात लांब रबरी नळी असलेल्या बाटल्या प्रचारात आल्या. बाळाला कुशीवर ठेवून ती नळी तोंडात दिली की आई मोकळी होत असे. परंतु नळी आतून स्वच्छ करता येत नसे आणि तीत दूध कुजत असे. अशा बाटल्यांमुळे इतकी बालके दगावली, की फ्रान्सने १९१० मध्ये कायदा करून त्यांच्यावर बंदी घातली. जेथे ब्रश पोहोचत नाही तेथे धोका राहतो, हे तत्त्व आजही तेवढेच खरे आहे. बाटली निवडताना म्हणूनच रुंद तोंडाची, कमी भागांची आणि सरळ आकाराची घ्यावी.

स्वच्छता वेगळी, निर्जंतुकीकरण वेगळे

स्वच्छता म्हणजे दिसणारी व न दिसणारी घाण काढून टाकणे. निर्जंतुकीकरण म्हणजे उरलेले रोगजंतू उष्णतेने किंवा रसायनाने मारणे. या दोन स्वतंत्र पायऱ्या असून त्यांचा क्रम बदलता येत नाही. वाहन कारखान्यातील पेंट शॉपमध्ये काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. पत्र्यावरील तेल आणि ग्रीस धुऊन काढल्याशिवाय त्यावर रंग धरत नाही. पिंपरीत १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने पेनिसिलीनचे उत्पादन सुरू केले, तेव्हापासून औषधनिर्मितीतील ही शिस्तही या परिसराच्या परिचयाची आहे. तेथेही टाकी आधी धुतली जाते आणि मग वाफेने निर्जंतुक केली जाते. घरच्या ओट्यावर हाच क्रम पाळायचा आहे.

घासण्याची पद्धत

१. प्रथम हात साबणाने किमान २० सेकंद धुवावेत. नखे कापलेली असावीत.

२. दूध पाजून झाल्यावर बाटली लगेच साध्या थंड पाण्याने विसळावी. एकदम कडक पाणी ओतल्यास दुधातील प्रथिने घट्ट होऊन काचेला वा प्लॅस्टिकला चिकटतात.

३. बाटलीचे सर्व भाग सुटे करावेत. निपल कड्यातून काढावे. झडप असल्यास तीही वेगळी करावी.

४. हे भाग बेसिनमध्ये किंवा मोरीत ठेवू नयेत. तेथे कच्च्या भाज्यांची माती आणि खरकटे असते. यासाठी एक स्वतंत्र पातेले किंवा टब ठेवावा. तो अन्य कामाला वापरू नये.

५. कोमट पाण्यात भांड्यांचा सौम्य द्रव साबण घालून लांब ब्रशने बाटलीचा तळ, खांदा आणि तोंडाच्या आट्या घासाव्यात. निपलसाठी लहान ब्रश घ्यावा. निपल उलटे करून आतून घासावे आणि त्याच्या छिद्रातून साबणाचे पाणी दाबून बाहेर काढावे. स्वयंपाकाच्या भांड्यांची घासणी, तारेचा काथ्या किंवा राख वापरू नये. त्यांनी ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत जंतूंना आसरा मिळतो.

६. साबण पूर्ण जाईपर्यंत वाहत्या पाण्याखाली धुवावे. बाटली उजेडात धरून पाहावी. आत पांढुरका थर दिसला किंवा आंबूस वास आला तर पुन्हा घासावी.

७. ब्रश आणि टबही रोज साबणाने धुऊन कोरडे करावेत. ओला राहिलेला ब्रश हेच अनेकदा जंतूंचे आगर असते.

उकळण्याची पद्धत

घरगुती निर्जंतुकीकरणासाठी उकळणे हा सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा मार्ग आहे. त्यासाठी झाकण असलेले मोठे स्टीलचे पातेले केवळ याच कामासाठी राखून ठेवावे.

सुटे भाग पाण्यात पूर्ण बुडतील इतके पाणी घ्यावे. बाटली आडवी करून आतील हवा बाहेर काढावी, नाहीतर हवेचा फुगा राहिलेल्या जागी उकळते पाणी पोहोचत नाही. काचेची बाटली असल्यास ती थंड पाण्यातच ठेवून मग गॅस पेटवावा आणि तळाशी स्वच्छ सुती कापडाची घडी ठेवावी. त्यामुळे काच तडकत नाही. पाण्याला खळखळून उकळी आल्यानंतर १० मिनिटे मोजावीत. नुसती वाफ दिसू लागली म्हणजे उकळी नव्हे. निपलसाठी उत्पादकाने कमी वेळ सांगितला असेल तर ते शेवटच्या टप्प्यात टाकावे.

आपला भाग समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते. हा फरक किरकोळ असून १० मिनिटांचा अवधी पुरेसा आहे. या उष्णतेत अतिसाराला कारणीभूत होणारे जिवाणू, विषाणू आणि परजीवी मरतात. काही मोजक्या जिवाणूंची कठीण कवचातील बीजरूपे मात्र टिकू शकतात. ती ओलाव्यात पुन्हा वाढू नयेत यासाठी बाटली कोरडी ठेवणे महत्त्वाचे ठरते.

गॅस बंद केल्यावर झाकण तसेच राहू द्यावे. पाणी निवल्यावर, हात पुन्हा धुऊन, सोबत उकळलेल्या चिमट्याने भाग बाहेर काढावेत. ते फडक्याने, टॉवेलने किंवा पदराने पुसू नयेत. स्वच्छ जाळीवर उपडे ठेवून हवेवर वाळू द्यावेत, मग बाटली जोडून टोपण लावून झाकणाच्या डब्यात ठेवावी. निपलला आतून वा टोकाला बोट लावू नये. २४ तासांत न वापरलेली बाटली पुन्हा उकळून घ्यावी.

हे किती दिवस करायचे, याबाबत देशोदेशी मते वेगळी आहेत. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा बाळ वर्षाचे होईपर्यंत निर्जंतुकीकरणाचा सल्ला देते. अमेरिकेतील रोग नियंत्रण केंद्र दोन महिन्यांपेक्षा लहान, मुदतीपूर्वी जन्मलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळांसाठी रोजच्या निर्जंतुकीकरणावर विशेष भर देते. आपल्याकडे अनेक घरांत पाणी साठवून वापरावे लागते. त्यामुळे कडक नियम पाळणे शहाणपणाचे. चार-पाच बाटल्या ठेवून त्या दिवसातून एक-दोन वेळा एकत्र उकळल्या तर गॅस आणि वेळ दोन्ही वाचतात.

अन्य मार्ग

विजेवर चालणारी वाफेची उपकरणे आणि मायक्रोवेव्हमध्ये ठेवण्याची वाफेची भांडी सोयीची आहेत. त्यांतील पाण्याचे माप आणि वेळ माहितीपत्रकाप्रमाणे पाळावी, तसेच बाटल्यांची तोंडे खाली करून ठेवावीत. मात्र देखभालीसाठी गुरुवारी वीज गेली की ही उपकरणे निरुपयोगी होतात, म्हणून उकळण्याची पद्धत सर्वांना येत असावी. निर्जंतुकीकरणाच्या क्लोरीनयुक्त गोळ्या वा द्रावण वापरायचे असल्यास वेष्टनावरील प्रमाण काटेकोरपणे घ्यावे. साधारणतः भाग किमान ३० मिनिटे बुडवून ठेवावे लागतात आणि द्रावण दर २४ तासांनी बदलावे लागते. फरशी वा कपड्यांसाठीचे ब्लीच अंदाजाने कधीही वापरू नये. अतिनील किरणांच्या पेट्यांत जेथे सावली पडते तेथे किरण पोहोचत नाहीत, ही त्यांची मर्यादा लक्षात ठेवावी.

पाण्याचा प्रश्न

पिंपरी-चिंचवड महापालिकेने पवना नदीतून येणाऱ्या पाण्याचा पुरवठा नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड सुरू केला. तेव्हापासून पाणी भरून ठेवण्याची सवय घरोघरी पुन्हा रुजली. साठवलेले पाणी नळातून येताना शुद्ध असले तरी पिंपात हात किंवा भांडे बुडवल्याने ते दूषित होते. म्हणून पिंपाला झाकण असावे, पाणी तोटीने किंवा लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे आणि पिंप नियमित घासावे. बाटली धुताना वाहते पाणी नसेल तर एकाने वरून पाणी ओतावे आणि दुसऱ्याने धुवावे.

पाण्याविषयीची सावधगिरी अनाठायी नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुणे परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण वाढले. त्यांतील बरेच सिंहगड रस्ता भागातील होते, तर काही पिंपरी-चिंचवडमधीलही होते. अनेकांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाणी व अन्नातून पसरणारा जिवाणू आढळला होता. पाणी उकळून पिण्याचे आवाहन तेव्हा आरोग्य यंत्रणेने केले होते. उकळण्याने हा जिवाणू मरतो.

चाकण, मोशी, चिखली या बाजूच्या ज्या सोसायट्यांना बोअरवेल वा टँकरचे पाणी वापरावे लागते, तेथे क्षारांचा प्रश्न उद्भवू शकतो. जड पाणी वारंवार उकळल्याने पातेल्यावर व बाटलीवर पांढरा खरखरीत थर बसतो. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात भाग थोडा वेळ भिजवून, नंतर साबणाने धुऊन तो काढावा. निर्जंतुकीकरणासाठी शुद्धीकरण यंत्राचे पाणी वापरल्यास हा थर कमी बसतो. परंतु दूध तयार करताना यंत्राचे पाणीही उकळूनच घ्यावे.

बाटली कोणती असावी?

बाटलीवर आयएसआय चिन्ह असायला हवे. १९९२ च्या शिशुदुग्ध पर्यायविषयक कायद्याने भारतीय मानक ब्युरोच्या मानकांशी सुसंगत नसलेल्या बाटल्यांच्या विक्रीस मनाई केली. २००३ मध्ये हा कायदा अधिक कडक करण्यात आला. बाटल्यांची जाहिरात करणे किंवा नमुने वाटणे या कायद्याने निषिद्ध आहे. प्लॅस्टिकच्या बाटल्यांत बिस्फेनॉल-ए हे रसायन नसावे, ही अट ब्युरोच्या २०१५ च्या मानकात आहे. रस्त्यावर मिळणाऱ्या चिन्हाविना स्वस्त बाटल्या म्हणूनच टाळाव्यात.

२०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांनी पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्यांतून प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण सुटतात आणि पाणी जितके गरम तितके ते वाढतात, असे दाखवून दिले. त्यांचे आरोग्यावरील परिणाम अद्याप निश्चित झालेले नाहीत. तरीही काळजी घेणे सोपे आहे. उकळलेली प्लॅस्टिकची बाटली थंड झाल्यावर स्टीलच्या भांड्यात उकळून गार केलेल्या पाण्याने विसळावी. गरम दूध स्टीलच्या वा काचेच्या भांड्यात तयार करून कोमट झाल्यावर बाटलीत ओतावे. निपल चिकट झाले, फुगले, चिरले किंवा रंग बदलला तर ते टाकून द्यावे. ओरखडे पडलेली बाटलीही बदलावी.

पावडरचे दूध

डब्यातील दुधाची पावडर निर्जंतुक नसते, ही बाब अनेकांना ठाऊक नसते. क्रोनोबॅक्टर नावाचा जिवाणू तीत असू शकतो आणि नवजात बालकांत तो जीवघेणा आजार निर्माण करतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पावडर ७० अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानाच्या पाण्यात मिसळू नये. पाणी उकळून गॅस बंद केल्यावर अर्ध्या तासाच्या आत ते वापरले तर ही अट साधारणपणे पूर्ण होते. आधी मोजून पाणी, मग डब्यातील मापानेच पावडर असा क्रम ठेवावा. पावडर वाचवण्यासाठी दूध पातळ करू नये; त्याने बाळाचे कुपोषण होते. भांडे थंड पाण्यात धरून दूध निववावे आणि मनगटावर थेंब टाकून पाहावे. तयार दूध दोन तासांत वापरावे. बाळाने उष्टे ठेवलेले दूध पुन्हा देऊ नये. रात्रीसाठी दूध करून कोमट ठेवण्याऐवजी चांगल्या थर्मासमध्ये उकळते पाणी, कोरडी बाटली आणि मोजलेली पावडर वेगवेगळी ठेवावी.

नोकरी, पाळणाघर आणि वाटी-चमचा

बाटली कितीही स्वच्छ केली तरी ती आईच्या दुधाची बरोबरी करू शकत नाही. पहिले सहा महिने केवळ स्तनपान हाच सर्वमान्य सल्ला आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची सोय व दिवसातून चार वेळा बाळाला भेटण्याची मुभा देण्यात आली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी कायम ठेवण्यात आल्या आहेत. आपल्या कंपनीत ही सोय आहे का, हे मनुष्यबळ विभागाकडे विचारण्यात संकोच नसावा. एसटी स्थानकांवरील हिरकणी कक्षांसारखी स्वच्छ, आडोशाची जागा कारखान्यातही असेल तर दूध काढून ठेवता येते.

काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास आणि फ्रीजमध्ये चार दिवसांपर्यंत टिकते. उन्हाळ्यात येथील पारा त्याच्या कितीतरी वर जातो, तेव्हा ते लगेच फ्रीजमध्ये किंवा बर्फाच्या पिशवीत ठेवावे. दूध काढण्याच्या पंपाचे दुधाला लागणारे भागही बाटलीप्रमाणेच घासून उकळावेत. पाळणाघरात देताना डब्यावर बाळाचे नाव, तारीख आणि वेळ लिहावी.

हे दूध पाजण्यासाठी बाटलीच हवी असे नाही. बालरोगतज्ज्ञांच्या संघटना बाटलीऐवजी वाटी-चमच्याची शिफारस करतात. आपल्या घरांत पूर्वापार वापरात असलेले चोचीचे बोंडले हे याच पद्धतीचे साधन आहे. स्टीलच्या वाटीला ना आट्या, ना झडप, ना निपल. ती सर्व बाजूंनी दिसते, घासता येते आणि १० मिनिटांत उकळून होते. पाजायला थोडा अधिक वेळ लागतो, परंतु धुण्यात तो वाचतो. बाळाला बसते धरून दूध ओठांशी लावावे, घशात ओतू नये. गुटी उगाळण्याची सहाण घरात असेल तर तिलाही स्वच्छतेचे हेच नियम लागू होतात.

ही लक्षणे दिसली तर

बाळाला पाण्यासारखे जुलाब, सतत उलट्या, ताप किंवा शौचातून रक्त दिसल्यास, लघवी कमी झाल्यास, डोळे वा टाळू खोल गेल्यास, बाळ मलूल होऊन दूध ओढेनासे झाल्यास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. पिंपरीतील महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय किंवा जवळचे रुग्णालय गाठावे; वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दरम्यान स्तनपान थांबवू नये. उकळून गार केलेल्या पाण्यात पाकिटावरील प्रमाणात कालवलेले ओआरएस चमच्याने थोडे थोडे द्यावे. झिंकचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे. सरकारी लसीकरणात सहा, दहा व चौदा आठवड्यांना मिळणारी रोटाव्हायरसची लस चुकवू नये. मात्र ती घेतली म्हणून बाटलीच्या स्वच्छतेत सूट मिळत नाही.

विसळणे, सुटे करणे, घासणे, धुणे, १० मिनिटे उकळणे, हवेवर वाळवणे आणि झाकून ठेवणे या सात पायऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ओट्याजवळ लावाव्यात आणि त्याची एक प्रत पाळणाघरातही द्यावी. बाळ दिवसभरात ज्या ज्या हातांतून जाते, त्या प्रत्येक हाताला हा क्रम तोंडपाठ असला पाहिजे.